हळदीवरून गेलेल्या जीपबद्दल व्याह्यांस

मु. पो. डोंगरकडा, ता. कळमनुरी
रविवार, दुपार

तीर्थरूपसमान वैजनाथराव व्याही यांना डोंगरकड्याहून संतरामचा वाकून नमस्कार. तुमचा गुडघा आता कसा आहे ते आधी कळवा. बारशाला आलात तेव्हा आमच्या पायऱ्या चढताना तुमी भिंतीला हात लावला होता, त्यावरून आमच्या घरच्या द्वारकाबाईनं मला नंतर दोनदा सुनावलं की व्याही यायच्या आधी एक कठडा बसवता आला न्हाई तुमाला. (बसवला न्हाई. बसवतो.) विहीणबाईंचा खोकला कमी असंल अशी आशा करतो, तुमचं दुकान मोंढ्याच्या तोंडाशी, तिथं बाजारात आलेल्या हळदीची धूळ फार. जावईबापूंना आशीर्वाद. इकडं तुमची सून वैष्णवी खुशाल आहे आणि लेकरूही खुशाल आहे. तीन महिन्यांचं झालं, माणूस ओळखतं, नाक तुमच्या घराण्याचं घेतलंय असं द्वारकाबाई म्हणते. फोन सोडून हा पत्राचा उद्योग काहून, असं तुमाला वाटंल. फोनवर मला धीर होत न्हाई, आणि दुसरं म्हणजे विहीणबाई स्पीकर लावतात. (राग मानू नका, आमच्याकडंही लावतात.) व्हॉट्सॲपवर टाकावं तर दोन्ही घरांचा मिळून एकच ग्रुप, त्यात अठ्ठावीस माणसं. पोस्टात टाकलं तर येता गुरुवार उलटून जाईल. म्हणून हे पत्र उद्या सकाळच्या वसमत एसटीच्या कंडक्टरजवळ देऊन राहिलो. ते तुमी एकट्यानं वाचावं, गिऱ्हाईक नसताना.

तुमचा त्या गुरुवारबद्दलचा निरोप मिळाला. सुनेला आणि नातीला न्यायला आमच्याकडून कोणी येणार न्हाई, संतरामरावांनी स्वतः त्यांच्या केस जिंकून रस्त्यावर आणलेल्या जीपनं दोघींना वसमतला आणावं, जीपला हार घालून आणावं, दारात वाजंत्री ठेवलीय, गल्लीत सगळ्यांना सांगून ठेवलंय, असा तो निरोप. तुमी माझा एवढा मान ठेवला, व्याही असून ठेवला, हे वाचून दुसऱ्या एखाद्या बापाला घास गोड लागला असता. मला दोन दिवस जेवण गेलं न्हाई. मला लिहायचंय ते ह्या गुरुवारबद्दलच. पण ते एकदम लिहिलं तर तुमाला वाटंल मी टाळून राहिलो, म्हणून पहिल्यापासून सांगतो, आणि तुमी माझी जी काही किंमत धरली आहे ती हळूहळू खाली आणतो.

एप्रिल आला की आमच्या भागात शिजवलेली हळद वाळत घालायला जागा पुरत न्हाई हे तुमाला मी काय सांगावं. शेताच्या मातीपेक्षा डांबरी रस्ता बरा पडतो, वरून ऊन आणि खालून चटका, दहा दिवसांचं काम सहा दिवसांत. मग शेतकरी हळदीच्या कडंनं दगड लावतो, गाडीवाला त्या दगडाला शिव्या देतो, आणि दर साली दोघं पोलीस स्टेशनला. म्हणून औंदा वरून एक खास आदेश निघाला होता. ज्याला रस्त्यावर वाळवण घालायचंय त्यानं परवानगीचा कागद घ्यावा आणि रस्त्याची एकच बाजू वापरावी. गाडीवाल्यानं त्या बाजूला चाक घालू नये, घातलं तर लायसन तीन महिने जमा. आदेश चांगला होता, मी स्वतः वारंगा फाट्यावर चार लोकांना सांगितलं की चांगला आहे. फक्त त्याची मुदत एकतीस मार्चपर्यंतच होती. (हळदीला आर्थिक वर्ष कळत न्हाई, हे आदेश लिहिणाऱ्या साहेबांना कोणी सांगितलं नसावं.) मुदतीची ओळ शेवटच्या पानावर, आणि शेवटचं पान कोण वाचतं. पोलिसांनी वाचलं न्हाई, शेतकऱ्यांनी वाचलं न्हाई, मी तर न्हाईच न्हाई.

नऊ एप्रिलला सकाळी मी माझ्या काळी-पिवळी जीपमधी अकरा पाशिंजर घेऊन डोंगरकड्याहून वारंगा फाट्याला निघालो. (अकराच होते. बारावं मांडीवरचं लेकरू होतं, ते कोणी मोजत न्हाई.) गावाबाहेर पडल्यावर रस्त्याच्या डाव्या अंगाला जनकाबाईची हळद होती. तुमी तिला ओळखत न्हाई. नवरा वारल्यापासून दीड एकर हळद एकटी करणारी बाई आहे, कोणाच्या अध्यात न्हाई की मध्यात न्हाई. तिनं परवानगीचा कागद घेतला होता, दगड बराबर लावले होते, रस्त्याची अर्धी बाजू मोकळी ठेवली होती. मी तीस वर्षं त्या रस्त्यानं गाडी चालवून राहिलो, आणि त्या दिवशी मोकळी बाजू सोडून दगड उडवत सरळ हळदीत घुसलो. पाशिंजर ओरडले. मला वाटलं कोणाचा तरी थांबा राहिला, म्हणून ब्रेक मारला, तो नेमका मधोमध. मग सगळेच ओरडले तेव्हा मला वाटलं ह्यांना घाई झाली, म्हणून गाडी पुढं काढली. असं करत मी ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत एक बोटभरही हळद सोडली न्हाई. तिथून पुढं बऱ्याच लांबपर्यंत डांबरावर दोन पिवळ्या रेघा उमटत गेल्या, त्यामुळं कोणाची गाडी होती हे शोधायला पोलिसांना काही तकलीफ झाली न्हाई.

फाट्यावर फुलसिंग जमादार ड्यूटीवर होता. माणूस सरळ, पण कागदाचा पक्का. पंचनाम्याला दोन पंच लागतात, आणि पंच म्हणून सही करायला फाट्यावर कोणी पुढं येत न्हाई, कोर्टाच्या चकरा कोणाला पाहिजेत. गेली पंधरा वर्षं ट्रक उलटो, मोटारसायकल चोरीला जावो, फुलसिंग मला हाक मारतो आणि मी सही करून मोकळा होतो. दुसरा पंच ठरलेला, महेबूब पंक्चरवाला, माझा जिवाभावाचा दोस्त. त्या दिवशीही फुलसिंगनं टायर पाहिले, कागद लिहिला, सवयीनं हाक मारली. मी सवयीनं गेलो. त्यानं जिथं बोट ठेवलं तिथं सही केली. वरील मजकूर आम्हा पंचांना वाचून दाखवला व तो बरोबर आहे, असं त्याखाली छापलेलं असतं. वाचून कोणी दाखवला न्हाई आणि मीही मागितला न्हाई. मजकूर असा होता की संतराम नावाच्या चालकानं निष्काळजीपणे गाडी हाकून हळदीचं नुकसान केलं आणि ते आम्ही पंचांनी समक्ष पाहिलं. चालकाची सही माझी आणि पहिल्या पंचाचीही माझीच. महेबूबच्या ध्यानात आलं तोवर जमादार निघून गेला होता आणि आमचा चहाही संपला होता. माझ्या विरुद्धचा इतका पक्का साक्षीदार साऱ्या तालुक्यात दुसरा मिळाला नसता.

आठ-दहा दिवसांत नोटीस आली आणि लायसन तीन महिने जमा झालं. जीप दारात लागली, वरून ताडपत्री, ताडपत्रीवर कोंबड्या. लोक समाचाराला येऊ लागले, मीही त्यांच्यासमोर तोंड पाडून बसायचो. आता इथंच थांबून मला लिहायचं ते लिहितो, काहून की पुढं गेलो तर परत मागं यायचा धीर होणार न्हाई. वैजनाथराव, लायसन गेलं त्या दिवशी मला आनंद झाला. मला दिसत न्हाई. दीड वर्षापासून दिसत न्हाई. आधी धुरकट दिसायचं, मला वाटलं काच मळली असंल, मी रोज काच पुसायचो, पाशिंजर म्हणायचे संतरामभाऊ गाडी काय टापटीप ठेवतो. मग समोरच्या गाडीचा रंग कळेना, मग गाडीच जवळ आल्यावर कळू लागली. नऊ एप्रिलला मला रस्त्यावर पिवळं दिसलं होतं. मला वाटलं ऊन पडलंय. (अक्षर एवढं मोठं काहून काढलंय, हे आता तुमच्या ध्यानात आलं असंल.) नांदेडला गुपचूप एका डॉक्टराला दाखवलं, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, ऑपरेशन करा, सोपं आहे म्हणाले. पण माझ्या आज्याचा एक डोळा शिबिरातल्या ऑपरेशनात गेला होता, तो मी लहानपणी पाहिलेला आहे. आणि भीती ती एकच न्हाई. फाट्यावर एकदा बोलबाला झाला की संतरामला दिसत न्हाई, तर तीस वर्षांचं नाव एका दिवसात जातं. लाज वाटली, दुसरं काही न्हाई. घरात सांगितलं न्हाई, महेबूबलाही सांगितलं न्हाई. पाशिंजर भरून गाडी चालवत राहिलो. म्हणून लायसन जमा झालं तेव्हा वाटलं, चला, देवानं इज्जतीत सोडवलं. तीन महिने सरकारच्या नावानं बसायचं, मग म्हणायचं आता सवय मोडली, आणि जीप विकून टाकायची.

पण माझ्या नशिबात पुतण्या होता. विजयकुमार तुमी लग्नात पाहिलाय, काळा कोट घालून पंगतीत वाढत होता तो. वकिलीची सनद मिळून वर्ष झालं, केस एकही न्हाई. त्यानं माझी नोटीस घेतली, मूळ आदेश मिळवला आणि शेवटचं पान वाचलं. (शेवटचं पान वाचणारा आमच्या खानदानातला हा पहिलाच.) आदेश एकतीस मार्चला संपला, गुन्हा नऊ एप्रिलचा, म्हणजे जो नियमच उरला न्हाई त्याखाली काकाचं लायसन घेतलं. मी त्याला म्हणालो, जाऊ दे बाबा, तीन महिन्यांनी देतीलच. तो म्हणाला, काका, प्रश्न लायसनचा न्हाई, तत्त्वाचा आहे. प्रश्न त्याच्या पहिल्या केसचा होता, पण पोराचा उत्साह पाहून मला न्हाई म्हणवेना. अपील दाखल झालं. फाट्यावरच्या सगळ्या काळी-पिवळीवाल्यांनी आपली केस म्हणून उचलून धरलं, आणि मी, ज्याला ही केस हरायची होती, तो पुढाऱ्यासारखा मधी उभा.

जूनच्या शेवटी सुनावणी झाली. ऑफिसच्या बाजूनं एक बाबू उभा राहिला आणि त्यानं कागद काढला की आदेशाला मुदतवाढ दिलेली आहे. मला हायसं वाटलं. विजयकुमारनं तारीख पाहिली, मुदतवाढ बारा एप्रिलची. तो म्हणाला, साहेब, हा आदेश एकतीस मार्चला मेला आणि बारा एप्रिलला जिवंत झाला, मग मधल्या काळात नऊ तारखेला मेलेल्या आदेशानं माझ्या काकाचं लायसन धरलं कोणत्या हातानं. मग त्यानं पंचनामा काढला आणि आरोपी हाच पंच कसा, हे इचारलं. साहेब म्हणाले, आदेश नसता तरी साध्या कायद्याखालीही कारवाई करता आली असती, पण नोटिशीत तुमी कलम ह्या एकाच आदेशाचं टाकलंय. फुलसिंग खाली पाहू लागला. माझं सगळं मुसळ केरात जाताना मला दिसत होतं. (तेवढं दिसतं.) शेवटी साहेबांनी मला सरळ इचारलं की रस्त्यावर एवढी हळद होती, ती तुमाला दिसली न्हाई काय. पुतण्यानं बजावून ठेवलं होतं की साहेब काहीही इचारोत, तुमी न्हाई म्हणा. मी म्हणालो, न्हाई साहेब, मला खरंच दिसली न्हाई. सरकारी ऑफिसात मी जन्मात बोललेलं हे सगळ्यात खरं वाक्य. साहेब हसले, बाबू हसला, फुलसिंग तोंड फिरवून हसला, मागं बसलेले काळी-पिवळीवाले तर मांड्या थोपटून हसले. बाहेर आल्यावर विजयकुमार माझ्या पाया पडला, म्हणाला, काका, काय जबाब दिलात. आत मागच्या बाकावर जनकाबाई बसली होती. ती तेवढी हसली न्हाई.

निकाल माझ्या बाजूनं लागला. तीन महिन्यांतले अडीच महिने तोवर सरलेच होते, म्हणजे एवढी लढाई करून आमी पंधरा दिवस जिंकले. पण फाट्यावर असा गुलाल उधळला की निवडणूक मागं पडावी. महेबूबच्या दुकानासमोर मोठा फ्लेक्स लागला होता. मी खाली उभा राहून महेबूबला इचारलं, आज कोणाचा वाढदिवस हाय. तो हसून हसून खाली बसला आणि हे सगळ्यांना सांगत सुटला, की भाई स्वतःच्या फोटोखाली उभा राहून इचारून राहिला. फ्लेक्स माझाच होता, गॉगल लावलेला. वैजनाथराव, आमच्याकडं मला कोणी खोटारडा म्हणत न्हाई, मी खरं बोललो की लोक मला गमत्या म्हणतात, आणि मी त्यांना तसं म्हणू देतो. मग तुमी तो फ्लेक्स तुमच्या स्टेटसला लावला आणि खाली लिहिलं, आमचे व्याही. वैष्णवीनं मला वाचून दाखवलं. तिच्यासमोर हसलो आणि बाहेर जाऊन जीपच्या मागं उभा राहिलो.

ह्या जिंकण्याचं पुढं काय झालं तेही ऐका. आदेश नऊ एप्रिलला मेलेला होता असं एकदा कागदावर ठरलं, तर जनकाबाईची रस्त्यावर वाळवण घालायची परवानगीही त्याच आदेशातली, तीही मेलेली. निकालानंतर आठवड्यात तिला नोटीस आली की विनापरवाना सार्वजनिक रस्त्यावर हळद पसरल्याबद्दल खुलासा करावा. हळद तिची, चिरडली मी, गुलाल मला आणि नोटीस तिला. हे ऐकल्यावर मला घरात बसवेना. परवा सकाळी तिच्याकडं गेलो. माफी मागायची म्हणून गेलो होतो, पण ओट्यावर बसून पाऊसपाण्याचंच बोलत राहिलो. तिनं चहा दिला. मग म्हणाली, "दादा, जरा उजेडाकडं तोंड करा." मी केलं. तिनं माझ्या डोळ्यांत पाहिलं आणि म्हणाली, "आमच्या सासऱ्याच्या डोळ्यात असंच सायीवानी आलं व्हतं. तुमाला खरंच दिसली न्हाई नं?" मी व्हय म्हणालो. दीड वर्षात पहिल्यांदा कोणापाशी तरी बोललो, आणि तेही जिचं मी नुकसान केलं तिच्यापाशी. तिनं इचारलं, मग त्या दिवशी सगळे हसले ते काहून. नंतर ती जे बोलली ते सांगितल्याशिवाय हे पत्र पुरं होत न्हाई. ती म्हणाली, हळदीचं मनाला लावून घेऊ नका, ती पुन्हा पिकंल. रोज त्या हळदीशेजारी मीच राखायला बसते, डोक्यावर पदर घेऊन, लुगडंही सगळं पिवळं झालेलं असतं. त्या दिवशी पाणी प्यायला उठले व्हते.

त्यानंतर मला झोप न्हाई. डोळे मिटले की ती बाई तिथं बसलेली दिसते. आणि डोळे उघडले की तुमचा गुरुवार दिसतो, हार घातलेली जीप, मागं माझी लेक, तिच्या मांडीवर तीन महिन्यांचं लेकरू, आणि पुढं मी. (विजयकुमारनं आता जनकाबाईची केस फुकट घेतली आहे. माझ्या केसमधी आदेश नऊ तारखेला मेलेला होता असं सांगून जिंकला. तिच्या केसमधी तोच आदेश मुदतवाढीमुळं नऊ तारखेलाही जिवंतच होता असं सांगणार आहे. तो जिंकला तर तिची नोटीस जाते आणि माझं लायसनही पुन्हा जातं. मी रोज सकाळी तिच्या विजयासाठी हात जोडतो. पण तारीख पुढच्या महिन्यात आहे आणि गुरुवार चार दिवसांवर.) असा हा माणूस तुमी व्याही म्हणून पदरात घेतला आहे. विहीणबाईंना नमस्कार, घरातल्या लहानांच्या डोक्यावरून हात, आणि माझ्याबद्दल जे वाटंल ते वैष्णवीच्या वाट्याला येऊ देऊ नका, तिला ह्यातलं काही माहीत न्हाई.

आपला ओशाळलेला,
संतराम

ता. क. – खरी विनंती लिहायची राहूनच गेली. गुरुवारी तुमीच तुमची गाडी पाठवा. आमच्या घराण्यात लेकुरवाळी सून माहेरच्या गाडीनं येत न्हाई, आमचाच माणूस नेतो, असं कडक शब्दांत फोन करून सांगा, स्पीकर लावून सांगितलं तरी चालंल. थोडा अपमान केलात तरी चालंल. द्वारकाबाई चिडंल, मीही चिडल्यासारखं करीन. व्याह्यापुढं खाली पाहणं मला जमंल, त्या दोघींना घेऊन रस्त्यावर जाणं जमणार न्हाई.

ता. क. दुसरा – वरचा ता. क. रद्द समजा. पाकिटावरचा पत्ता माझ्या हातून ओळीत येईना म्हणून वैष्णवीला दिला, आणि पाकीट चिकटवलेलं नव्हतं. तिनं उभ्या उभ्या सगळं वाचलं. मग खाली बसली आणि म्हणाली, "बाबा, दीड वर्ष?" मी मान हलवली. ती रडली, मग मला जे बोलली ते इथं लिहीत न्हाई, बापाला बोलायचा तिला हक्क आहे. द्वारकाबाई तर अजून बोलून राहिली. ऑपरेशनची तारीख आता त्या दोघींनी ठरवली आहे, मला नुसतं जायचंय. आणि गुरुवारचं वैष्णवी म्हणाली की वसमतहून गाडी मागवायची गरज न्हाई, मीच जीप चालवत आणते. आता ही माझी दुसरी कबुली. पाहण्याच्या कार्यक्रमात तुमच्या थोरल्या बहिणीनं इचारलं होतं की मुलीला काय काय येतं, तेव्हा आमी स्वयंपाक, शिवण आणि रांगोळी सांगितली. जीप सांगितली न्हाई. पोरगी जीप चालवते म्हणलं तर स्थळ मोडंल असं मला वाटलं. तिनं एकोणिसाव्या वर्षी लायसन काढलंय. लग्नाआधी दोन हंगाम आमची हळद वसमतच्या मोंढ्यात तिनंच आणली, डोक्याला माझा रुमाल बांधून, तुमच्या दुकानासमोरून. लायसन द्वारकाबाईच्या पेटीत आहे. (मुदत संपलेली न्हाई, तिच्याकडून दोनदा वाचून घेतली.) ती माझ्यापेक्षा हळू आणि सरळ चालवते, हे बाप म्हणून न्हाई, तीस वर्षांचा ड्रायव्हर म्हणून सांगतो. तर विनंती आता एवढीच की गल्लीसमोर तिला ड्रायव्हरच्या जागेवरून उतरू द्यावं, आणि नाराजी असंल तर ती माझ्या नावावर टाकावी. तुमची ना असंल तर मंगळवारपर्यंत त्याच कंडक्टरजवळ निरोप द्या.

ता. क. तिसरा – विहीणबाईंना सांगावं की भाकरतुकडा ओवाळायला नेहमीसारखं डाव्या दाराशी जाऊ नये, तिथं मी असेन, मांडीवर लेकरू धरून. सून उजवीकडून उतरंल, आधी तिच्यावरून ओवाळा, मग लेकरावरून. आणि वैजनाथराव, लेकीनं गाडी दाराशी किती सरळ लावली ते मला हळूच कानात सांगा, मला बसल्या जागेवरून ते दिसणार न्हाई.